लंडनची सोनापुरं

सोमवार, किंग्ज क्रॉस

मुलाकडे हॅरोला येऊन तीन आठवडे झाले. बिग बेन, टॉवर ब्रिज, मेणाचे पुतळे वगैरे जे जे नातेवाइकांना फोटोत दाखवावं लागतं ते सगळं उरकलं होतं. आता माझी पाळी होती. रविवारी रात्री जेवताना मी जाहीर केलं, की हा आठवडा मला दफनभूम्या बघायच्यात. सूनबाईंनी विषय बदलावा म्हणून आमटी वाढली. सौ. मात्र सरळ म्हणाली, "अहो, गिरगावात जन्म गेला, सोनापूरचं स्मशान दारात होतं. तेवढं पुरलं नाही का?"

"पुरलं" म्हणाली आणि स्वतःच हसली. तिथेच परवानगी मिळाली असं मी धरून चाललो.

खरं तर मला दफनभूम्यांपेक्षा एका माणसात रस होता. स्टीफन गिअरी. चाळीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नाले आणि रिटेनिंग वॉल काढण्यात गेल्यामुळे बड्या बड्या वास्तुविशारदांचं मला फारसं कौतुक नाही. पण धडपडे, अर्धवट फसलेले, कंपन्या काढणारे लोक आवडतात. गिअरी तसा. जन्म १७९७ चा. लंडनमधला पहिला जिन पॅलेस, म्हणजे आरसे आणि गॅसबत्त्यांनी झगमगणारा दारूचा गुत्ता, त्यानेच बांधला असं म्हणतात. पुढे गडी स्वतः दारू सोडून बसला म्हणे. आणि याच माणसाने हायगेटची दफनभूमी काढली.

किंग्ज क्रॉसला त्याचं काहीच उरलेलं नाही, पण सुरुवात तिथूनच करायला हवी होती. आज युस्टन रोड, पेंटनव्हिल रोड आणि ग्रेज इन रोड जिथे मिळतात, त्या चौकात १८३० नंतर गिअरीने चौथ्या जॉर्ज राजाचं स्मारक उभं केलं. उंची साठ फूट आणि वर अकरा फुटी राजा. राजा दगडाचा असेल असं वाटतं, पण तो होता विटा आणि चुन्याचा, वरून दगडासारखा गिलावा दिलेला. खालच्या अष्टकोनी खोलीत आधी पोलीस चौकी आली आणि नंतर बिअरचं दुकान. वर महाराज आणि खाली पिंप! लोकांनी इतकी टर उडवली, प्युजिनसारख्या वास्तुविशारदाने तर आपल्या चित्रांतून जाहीर टिंगल केली, की १८४५ पर्यंत सगळं पाडून टाकलं. नाव तेवढं राहिलं. मूळचं बॅटल ब्रिज गेलं आणि राजाच्या क्रॉसचं किंग्ज क्रॉस झालं.

सौ.ला हे लगेच पटलं. आपल्या मुंबईचा काळा घोडा. घोडा आणि त्याच्यावरचा राजा एडवर्ड १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेले, पण बेस्टचा कंडक्टर काळा घोडाच म्हणत राहिला.

तिथून दहा मिनिटांवर सेंट पँक्रसचं जुनं चर्च आहे. आवारात सर जॉन सोन या वास्तुविशारदाचं थडगं आहे. वरचा चौकोनी, कडा खाली वळलेला घुमट बघितला की कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं. लंडनचा लाल टेलिफोन बॉक्स! त्याच्या डोक्यावरचा घुमट यावरून सुचला असं सांगतात. आवार मात्र एवढंसं. गिअरी कशाच्या जोरावर धंद्यात उतरला ते इथे कळतं. १८०१ ला लंडनची वस्ती दहा लाखांच्या आत होती आणि १८५१ ला तेवीस लाखांवर गेली. मरणारे वाढले, पण चर्चची आवारं तेवढीच राहिली. एकावर एक पेट्या, मग त्यांच्यावर आणखी पेट्या. क्लेमेंट्स लेनमधल्या एनन चॅपेलच्या तळघरात हजारो प्रेतं कोंबलेली निघाली आणि वर लोक प्रार्थना म्हणत होते. हे वाचल्यावर रात्री मला आमटी गेली नव्हती, ते मी कुणाला सांगितलं नाही.

मंगळवार, हायगेट

आर्चवे स्टेशनला उतरून चढ चढलो. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. वॉटरलो पार्कातून स्वेन्स लेनवर आलो की एका हाताला पूर्वेची दफनभूमी आणि दुसऱ्या हाताला पश्चिमेची. गिअरीचं काम पश्चिमेला.

१८३६ मध्ये संसदेचा कायदा करून लंडन सिमेटरी कंपनी निघाली. शेअर विकून दफनभूमी, ही कल्पना आपल्याला विचित्र वाटते. आपल्याकडे स्मशान म्हणजे नगरपालिकेचं किंवा पंचायतीचं. तिथे जागेची निवड मात्र पक्क्या बिल्डरची होती. लंडनच्या वर डोंगरउतारावर ॲशर्स्ट नावाच्या जुन्या वाड्याची सतरा एकर बाग ३,५०० पौंडांना घेतली. वरच्या बाजूला लुई व्हुलियामीने बांधलेलं सेंट मायकेल चर्च १८३२ पासून होतंच, त्यामुळे मनोरा आयता मिळाला. डेव्हिड रॅमसे नावाच्या बागकाम करणाऱ्याने वळणावळणाच्या वाटा आखल्या. २० मे १८३९ ला बिशपने येऊन जागा पवित्र केली आणि सहा दिवसांनी पहिलं दफन झालं. एलिझाबेथ जॅक्सन, वय ३६, सोहोमधल्या लिटल विंडमिल स्ट्रीटची.

दारातून आत गेल्यावर आधी फक्त झाडं. आयव्हीने गिळलेले देवदूत, कलंडलेले क्रूस, फरशीच्या फटीतून वर आलेली मुळं. सावली इतकी दाट की सौ.ने स्वेटर चढवला. मग एका वळणावर इजिप्त समोर येतं.

हा इजिप्शियन ॲव्हेन्यू. दोन्ही बाजूंना ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळते होत गेलेले दगडी स्तंभ, कमळाच्या कळ्यांसारखे खांब आणि मध्ये कमान. नेपोलियनच्या स्वारीनंतर युरोपभर इजिप्तचं खूळ पसरलं होतं, त्याची ही उशिराची लाट. कमानीतून आत गेलं की दोन उंच भिंतींमधली चढती वाट आणि दोन्हीकडे मिळून सोळा खोल्या, प्रत्येकीत बारा शवपेट्यांची सोय. ओतीव लोखंडाच्या दारांवर उलट्या धरलेल्या मशाली आहेत. ज्योत खाली, म्हणजे आयुष्य विझलं. मी एका दारावर हात ठेवला. गंजाचा खडबडीत थर आणि त्याच्याखाली मशालीची कड अजून धारदार होती. साच्याचं काम चांगलं असणार.

नाटक म्हणाल तर हे नाटकच आहे, आणि ते मी कौतुकाने म्हणतोय. किंग्ज क्रॉसला जी हौस हास्यास्पद झाली, तीच इथे शोभून दिसते. राजाला गिलाव्याच्या खांबावर चढवलं तर लोक हसतात, पण मेलेल्या व्यापाऱ्यासाठी फेअरोचं दार उघडलं तर टोपी काढतात.

चढ संपला की सर्कल ऑफ लेबनॉन. मला लंडनमध्ये सगळ्यात आवडलेली जागा हीच. वाड्याच्या बागेत लेबनॉनचा एक जुना देवदार होता. गिअरीने झाड तोडलं नाही. त्याच्याभोवती गोल चर खणला, साधारण पुरुषभर खोल आणि वर थोडा. चराच्या आतल्या बाजूने, म्हणजे झाडाच्या मातीच्या गड्ड्यालाच भिंत घालून, थडग्यांच्या खोल्यांचं कडं केलं. बाहेरचं कडं १८७० च्या दशकात वाढवलं. झाड मध्ये उंच राहिलं, एखाद्या अवाढव्य कुंडीत लावल्यासारखं, आणि त्याच्या मुळांखाली लंडनचे श्रीमंत.

मी तिथे चांगला अर्धा तास भिंतीकडे बघत उभा होतो. खाली लंडनची चिकणमाती, वर शेकडो टन ओली माती आणि झाड. हा दाब भिंतीने कसा पेलला? पाणी कुठून काढलं? सौ. म्हणाली, "लोक थडगी बघतायत आणि तुम्ही गटार शोधताय." खरं होतं. पण पाणी नीट काढलं नसतं तर बघायला थडगी उरली नसती.

देवदार मात्र आता नाही. बुरशीने पोखरला आणि २०१९ मध्ये तो उतरवावा लागला. जागेवर नवं रोप लावलंय. एवढ्या मोठ्या दगडी कड्याच्या मधोमध ते पोरगेलं झाड मुंजीतल्या बटूसारखं दिसतं.

आणखी वर टेरेस कॅटॅकॉम्ब्ज. एका लांबच लांब गच्चीखाली आठशेहून जास्त पेट्यांचे कप्पे आणि वरून लंडनचा देखावा. रविवारी लोक फिरायला यायचे. हा देखावा १८७० च्या दशकात ज्युलियस बीअर या गृहस्थांनी मुलीच्या स्मरणार्थ भलंमोठं मुसोलियम, म्हणजे समाधीची इमारत, बांधून अडवला. आठ वर्षांची पोर गेली होती. आत संगमरवरात एक देवदूत तिला उचलून घेतोय. ते जाळीतून पाहिल्यावर देखाव्याबद्दलची तक्रार मी मागे घेतली.

गिअरीचं पुढे काय झालं? १८३९ मध्येच तो कंपनीतून बाहेर पडला आणि काम जेम्स बन्स्टन बनिंगकडे गेलं. त्यामुळे इथल्या कुठल्या रेषेवर कुणाची पेन्सिल हे सांगताना जाणकारही जपून बोलतात. बनिंग पुढे लंडन शहराचा वास्तुविशारद झाला, त्याने कोल एक्स्चेंज आणि हॉलोवेचा तुरुंग बांधला. व्यवस्थित माणूस. गिअरी १८५४ मध्ये कॉलऱ्याने गेला आणि इथेच, स्वतः आखलेल्या टेकडीवर, त्याला पुरलं. मी वाट दाखवणाऱ्या बाईंना विचारलं, की तो नेमका कुठे आहे. त्यांना नाव ऐकून आनंद झाला, पण ती वाट निसरडी झाल्यामुळे बंद होती. "पुन्हा या," म्हणाल्या.

पूर्वेच्या भागात मार्क्स आहे. गिरणगावातल्या एका जुन्या मित्राने खास फोटो मागितला होता, तो काढला. लॉरेन्स ब्रॅडशॉने १९५६ मध्ये केलेलं ते प्रचंड डोकं मला काही रुचलं नाही. मूळची कबर आतल्या वाटेवर साधीशीच होती. पण फुलं ताजी होती. समोरच युसूफ दादू आहेत, दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यातले भारतीय वंशाचे नेते. त्यांच्यापाशी कुणी नव्हतं, म्हणून तिथे थोडं थांबलो.

बुधवार, सोहो

पाऊस. गुडघ्याला मलम. दुपारी उघडल्यावर सोहोतल्या ब्रॉडविक स्ट्रीटपर्यंत जाऊन आलो, कारण गिअरीच्या मरणाचा धागा तिथे जातो.

दफनभूम्या शहराबाहेर नेल्या त्या दुर्गंधीच्या भीतीने. कुजलेल्या हवेतून रोग पसरतो असं तेव्हा मोठमोठे डॉक्टर मानत. १८५४ च्या ज्या उन्हाळ्यात गिअरी गेला, त्याच उन्हाळ्याच्या शेवटी या रस्त्यावर कॉलऱ्याचा कहर झाला आणि डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर हिंडून दाखवलं, की दोष हवेत नाही, या पंपाच्या पाण्यात आहे. पंपाचा दांडा काढून टाकला. आज तिथे तसाच एक पंप उभा केलाय, दांड्याशिवाय. म्हणजे शवपेट्या डोंगरावर नेण्याचं कारण चुकीचं होतं, पण केलं ते बरंच झालं.

कोपऱ्यावर स्नो यांच्या नावाचा पब आहे. स्नो दारूला शिवत नसत. गिअरी हसला असता. हायगेटची पहिली रहिवासी एलिझाबेथ जॅक्सन इथल्याच एका गल्लीतली, कॉलऱ्याच्या पंधरा वर्षं आधीची. स्नो स्वतः ब्रॉम्प्टनच्या दफनभूमीत आहेत. तिचा वास्तुविशारद बेंजामिन बॉड. त्याचं कंपनीशी बिनसलं, काढून टाकलं, कोर्टात गेला, हरला. हे सगळं वाचून वाटायला लागलं, की या धंद्यात मेलेल्यांचंच काय ते बरं झालं.

गुरुवार, केन्सल ग्रीन

बेकर्लू लाइन थेट जाते. हायगेटनंतर इथे जरा कोरडं वाटतं. रुंद रस्ते, सपाट जमीन, पलीकडे कालवा. लंडनची ही पहिली मोठी कंपनीवाली दफनभूमी, जानेवारी १८३३ ची. जॉर्ज कार्डन नावाच्या वकिलाने १८२१ मध्ये पॅरिसची पेर लाशेज दफनभूमी पाहिली आणि तो झपाटला. आराखड्याची स्पर्धा हेन्री केंडलने गॉथिक चित्रं काढून जिंकली. पण अध्यक्षसाहेबांना ग्रीक आवडायचं, म्हणून बांधकाम मिळालं जॉन ग्रिफिथला, ग्रीक खांबांसकट. स्पर्धा एकाने जिंकायची आणि वर्क ऑर्डर दुसऱ्याच्या हातात, हे वाचून मला सरकारी नोकरीतलं सगळं आठवलं. चॅपेलमध्ये पाण्याच्या दाबावर चालणारा चौथरा आहे. प्रार्थना संपली की शवपेटी हळूहळू जमिनीखाली उतरायची.

१८४३ मध्ये राजघराण्यातला ड्यूक ऑफ ससेक्स घराण्याची विंडसरची दफनजागा सोडून इथे झोपायला आला आणि कंपनीचं नशीब उघडलं. पण आम्ही आलो होतो द्वारकानाथ टागोरांसाठी. रवींद्रनाथांचे आजोबा. १ ऑगस्ट १८४६ ला ते लंडनमध्ये गेले. तीनच वर्षांपूर्वी त्यांनी ब्रिस्टलच्या आर्नोस व्हेलमध्ये राजा राममोहन रॉय यांच्यावर दगडी छत्री उभारली होती, बंगाली धाटणीची. स्वतःच्या वाट्याला मात्र जमिनीलगतचं साधं थडगं, नाव, गाव आणि तारीख. शोधायला पाऊण तास लागला. सौ.ने पदराच्या टोकाने अक्षरांवरची माती पुसली. इथे साडी नेसून ती का येते, असा प्रश्न सूनबाईंना पडतो. मला त्या दिवशी पडला नाही.

शनिवार, ब्रुकवुड

शुक्रवारी विश्रांती. शनिवारी मुलगाही आला. वॉटर्लूहून गाडी.

हीच गाडी १८५४ पासून मृतांसाठी धावायची. शहराजवळच्या जागा पुरणार नाहीत म्हणून लंडन नेक्रॉपोलिस कंपनीने सरे परगण्यातलं सुमारे दोन हजार एकर माळरान घेतलं. सर विल्यम टाइट, सिडनी स्मर्क अशी मोठी नावं आराखड्यात होती. वॉटर्लूजवळ स्वतंत्र स्टेशन, आणि गाडीत मृतांनाही पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग. पहिल्या वर्गाच्या शवपेटीला एक पौंड आणि तिसऱ्याला अडीच शिलिंग. दफनभूमीच्या आत दोन स्टेशनं, एक अँग्लिकनांचं आणि एक बाकीच्यांचं. शवपेटीला तिकीट एकेरी आणि सोबतच्यांना परतीचं. मुलगा मोबाइलवर तिकिटं काढत असताना मी हे सांगितलं, तर सौ. म्हणाली, "अरे, यांचं नीट बघून काढ." १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात ते स्टेशन उडालं आणि गाडी बंद झाली. वेस्टमिन्स्टर ब्रिज रोडवर त्याची दर्शनी इमारत तेवढी उभी आहे.

इथे गिअरीची नाट्यं नाहीत. उंचच उंच सिकोया, हिरवळ आणि न संपणारं अंतर. चालता चालता एका कुंपणाआड पारशी विभाग आला, १८६२ चा. मलबार हिलवरच्या दख्म्याला, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवायच्या बुरुजाला, इथे पर्याय नव्हता, म्हणून मातीत पुरायचं ठरलं. वाडियांचं मुसोलियम आणि मग टाटा. जमशेटजी १९०४ मध्ये जर्मनीत बाड नाउहाइमला वारले आणि इथे आणले. त्यांचे धाकटे चिरंजीव रतनजी १९१८ चे. थोरल्या दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजी त्यांच्या कबरीच्या भेटीला निघाले आणि वाटेत जर्मनीतच गेले. तेही इथेच. इराणी वळणाच्या जड दगडी इमारती, वर इंग्रजी ढग. जे.आर.डी. मात्र पॅरिसला, पेर लाशेजमध्ये. कार्डन ज्या बागेने झपाटला, तीच ती.

माझे सासरे कुर्ल्याच्या स्वदेशी मिलमध्ये होते, तीही जमशेटजींचीच. सौ.ने बूट काढले. ओल्या गवतावर मोजे घालून उभी राहिली आणि नमस्कार केला. मुलगा म्हणाला, "आई, इथे बूट काढायची पद्धत नाहीये." ती म्हणाली, "बाबांच्या मालकांपुढे बूट घालून कशी उभी राहू?" त्यावर मुलगा काही बोलला नाही. मोजे पार भिजले. परतीच्या गाडीत तिने ते पिशवीत गुंडाळून ठेवले आणि माझ्या मफलरीत पाय खुपसून बसली.

क्लॅपहॅम जंक्शन आलं तेव्हा मला वाटलं, झोपली. पण डोळे मिटूनच म्हणाली, "तो तुमचा दारूच्या गुत्त्यावाला राहिलाच ना बघायचा? मंगळवारी वाट उघडली असेल तर जाऊन येऊ. फक्त डबा मी घेणार, तिथलं थंड सँडविच नको."